राखेने घासलेले पेले

अमरावती, १२ जुलै १९५८

चि. उद्धव यास,

आशीर्वाद. पाकीट जाड दिसलं म्हणून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तू लग्न करून अकोल्याला गेलास त्याला दीड वर्ष होत आलं. आई अजून तुझं नाव घेत नाही, पण पोस्टमनची सायकल वाजली की माझ्याआधी ती ओट्यावर असते. आशावहिनींचा विषय मात्र मीही काढत नाही. परजातीची सून असं कुणी नुसतं म्हटलं तरी आमच्याकडे दोन दिवस आमटीत मीठ नसतं.

मुद्द्याचं लिहिते. लिटमस संपला. तू कॉलेजच्या प्रयोगशाळेतच काम करतोस, तेव्हा कुठे मिळतो ते तुला ठाऊक. विकत घेऊन पाठव, कॉलेजच्या कपाटातून नको.

तू मागच्या गोठ्यात सुरू केलेला रविवारचा प्रयोगवर्ग मी बंद पडू दिलेला नाही, हे तुला कौतुकाने सांगायचं होतं. यंदा सात जणी आहेत. कुणाला मोठी झाली म्हणून शाळेतून काढलेली, कुणाच्या गावात सातवीपुढे शाळाच नाही. सगळ्या घरी बसून मॅट्रिकचा अभ्यास करतात. पुस्तक घरी वाचता येतं रे, पण ॲसिड काय पाटावर बसून शिकायचं? विज्ञान घ्यायचं तर प्रयोग केल्याचा दाखला लागतो, आणि आमच्या शाळेच्या मोठ्या बाई माझ्या सहीवर डोळे मिटून शिक्का मारतात. महादेवराव वकिलांची शकुन सगळ्यांत हुशार. तिचे आजोबा तिला रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवत नाहीत, पण आपल्या गोठ्यात पाठवतात. गोठ्यात मुलगे नसतात ना.

लिटमस येईपर्यंत जास्वंदीच्या पाकळ्यांच्या पाण्यावर भागवते आहे. लिंबू पिळलं की लाल, चुलीतली राख कालवली की हिरवं. शकुनने विचारलं, "बाई, राखेत असं काय असतं?" मी म्हटलं, "क्षार. म्हणून तर ओशट भांडं राखेने निघतं. आणि ओली राख बोटांना बुळबुळीत लागते ना, तोही क्षारच." हे मी दरवर्षी सांगते. तुझ्याकडूनच उचललं आहे.

आता मैनाबद्दल. नाल्यापलीकडच्या वस्तीत तू रात्रीचा वर्ग घ्यायचास तेव्हा ती पुढच्या रांगेत बसायची, हे तू दोनदा लिहिलंस. कापसाच्या जिनात काम करणाऱ्या देवमनची ती मुलगी, डॉक्टर व्हायचं म्हणते, मॅट्रिक झाली की आशावहिनी तिला अकोल्याला तुमच्या घरी ठेवून इंटर सायन्सला घालणार. हे सगळं मला पटतं. दाखला माझ्या हातात आहे, तेव्हा माझ्याकडेच येऊ दे.

आईला विचारलं. आधी नाही म्हणाली. वर म्हणाली, "ते आता बुद्ध झाले म्हणतात, मग आपल्या दारी कशाला?" मग चार दिवसांनी हो म्हणाली. कशी ते विचारू नकोस. आई आहे, तिच्याही बाजूने बघावं लागतं.

सिंधूताई


अमरावती, २५ ऑगस्ट १९५८

चि. उद्धव यास,

लिटमस मिळाला. दोन डब्या जास्त पाठवल्यास, बरं केलंस.

मैना येते. पहिल्या रविवारी बापाबरोबर आली. देवमन फाटकाबाहेरच उभा राहिला, मी दोनदा म्हटलं तेव्हा आत आला आणि गोठ्याच्या दाराशी थांबला. पोरगी मात्र सरळ आत येऊन बाकावर बसली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "बाई, मले समदं पहिल्यापासून सांगा. सरांनी सांगितलं ते धरू नका, ते घाईत सांगत." तुझी फजिती ऐकून मला हसू आलं.

तू विचारलंस, तिला वेगळी वागणूक नाही ना. अरे, उलट आहे. बाकीच्या मुली हौदावर रांग लावून आपापला पेला विसळतात आणि निम्मा वेळ तिथे चकाट्या पिटतात. मैनाला हौदापर्यंत जावंच लागत नाही. तिचे दोन काचेचे पेले तिला घासून पुसून हातात मिळतात. आई स्वतः घासते, विश्वास ठेव. पितळेसारखे कोरड्या राखेने घासते, फडक्याने पुसते आणि कठड्यावर उन्हात पालथे घालते. पेल्यांभोवती लाल दोरा बांधला आहे, म्हणजे अदलाबदल नको. आईने आपल्या हाताने मैनाचं भांडं घासावं, हे दीड वर्षापूर्वी तू मला सांगितलं असतंस तर मी तुला वेड्यात काढलं असतं. तू फक्त भांडून गेलास. मी गोडीने केलं.

मुलगी हुशार आहे. पण हात अजून बसलेला नाही. साखरेच्या पाण्यात लिटमस बदलायचा नाही, एवढं साधं, तर हिचा तांबडा कागद निळसर झाला. मी म्हटलं, "असं होत नाही." ती म्हणाली, "झालं तर खरं बाई. मी काय लिहू?" मी म्हटलं, "जे दिसलं ते लिहायचं. विज्ञानात तेवढंच असतं." तिने लिहिलं. शिकेल हळूहळू.

सिंधूताई


अमरावती, १६ नोव्हेंबर १९५८

चि. उद्धव यास,

दिवाळीला तू येशील असं उगीचच वाटलं होतं. चकल्या केल्या. आईने एक डबा बाजूला काढून ठेवला होता, कुणासाठी ते बोलली नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या माणिकबाईंच्या पोरांना देऊन टाकला.

मैनाची प्रगती विचारतोस. खरं लिहू का? लिंबाच्या रसात जास्वंदीचं पाणी घालून त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायचं, लाल रंग मोडून जांभळा झाला की थांबायचं, हा प्रयोग गेले तीन रविवार चालला आहे. सगळ्यांना वीसच्या आसपास थेंब लागतात. मैनाला तेरा, कधी बारा. तिन्ही रविवारी तेच. मी लिंबू बदललं, सोडा बदलला, तिला माझ्याजवळ बसवलं. "थेंब मोठे पडतात तुझे," म्हटलं. ती म्हणाली, "नाही बाई, शकुनच्याच नळीनं सोडले." शकुनला विचारलं तर तीही म्हणते, माझ्यासारखेच सोडते.

मग मैना म्हणाली, "बाई, पेला बुळबुळीत लागते."

मी म्हटलं, "हात धू. तेलाचे असतील."

तिने हात पुढे केले, मी तांब्याने वरून पाणी घातलं. हात धुवून पुन्हा केला. तेरा थेंब. आता काय म्हणायचं? नाचता येईना अंगण वाकडं, हे मी तिला तोंडावर बोलून दाखवलं. बाकीच्या हसल्या. ती हसली नाही. मला नंतर वाईट वाटलं, पण वर्गात एकदा तरी टोचून बोलावं लागतं, नाहीतर मुली सुस्तावतात. तूसुद्धा मला असंच बोलायचास, आठवतं ना?

सिंधूताई


अमरावती, ४ जानेवारी १९५९

चि. उद्धव यास,

तुझं पत्र रागाचं होतं. मीही स्पष्टच लिहिते.

फॉर्म पुढच्या आठवड्यात जायचे आहेत. बाकी सातही मुलींच्या दाखल्यावर मी सही केली. मैनाच्या केली नाही. दया म्हणून सही करायची तर मग शिक्का कशाला हवा? तिचे निम्मे प्रयोग चुकीचे आले आहेत. जे बरोबर आले ते मी समोर बसून, माझ्या भांड्यात करून दाखवले ते. उद्या कॉलेजात ही मुलगी नापास झाली तर लोक तुला आणि आशावहिनींनाच नावं ठेवतील. तेव्हा माझं मत लिहून ठेव. मैना मेहनती आहे, पाठांतर उत्तम आहे, पण विज्ञानाचा हात तिचा नाही. तिला तुमच्याकडे इंटर सायन्सला नेऊ नकोस. भूगोल घेऊन मॅट्रिक होऊ दे, मास्तरीण होईल.

तू लिहिलंस, "भांडी कोण धुतं ते एकदा बघ." मला हे फार लागलं. तुझा आईवरचा राग अजून गेला नाही, तो तू आता भांड्यांवर काढतो आहेस. तुला नसलेली घाण दिसते. आई ते पेले लख्ख ठेवते. कठड्यावर उन्हात असे चमकतात की शकुन म्हणते, बाई, मैनाचेच पेले सगळ्यांत स्वच्छ.

मैनाला मी एकटीला बसवून सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "माहं चुकलं काय ते सांगा बाई." मी म्हटलं, "अंदाज चुकतो तुझा." ती म्हणाली, "अंदाज कुठं घेतला मी? मोजलं तेच लिहिलं." मग पिशवी उचलून गेली. फाटक मात्र हळूच लावून घेतलं. देवमन त्या दिवशी आलाच नव्हता.

मला बरं वाटत नाही आहे. पण बरोबर वागले असं वाटतं.

सिंधूताई


अमरावती, ८ मार्च १९५९

उद्धव,

दोन महिने तुझं पत्र नाही. लिहू नकोस हवं तर, पण हे शेवटपर्यंत वाच.

आज वर्गात शकुनचा पेला फुटला. बाकीचे पेले गुंतलेले होते. मी कठड्यावरचा मैनाचा पेला उचलला, जानेवारीपासून तिथेच पालथा होता. लाल दोरा सोडला आणि शकुनला दिला. "विसळून आणू का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "कशाला? लख्ख आहे." परीक्षा तोंडावर आली म्हणून तोच लिंबू-सोड्याचा प्रयोग उजळणीला घेतला होता.

शकुनला तेरा थेंब लागले.

ती स्वतःच म्हणाली, "बाई, काहीतरी चुकलं." आणि मी काय म्हटलं माहीत आहे? मी लगेच म्हटलं, "पेल्याला काहीतरी लागलं असेल, बघू." तोंडातून शब्द गेला आणि मी बाकावर बसले. शकुनचं चुकलं तेव्हा मी पेला बघायला निघाले. मैनाचं चुकलं तेव्हा मी तिला हात धुवायला लावले होते.

मुलींना घरी पाठवलं. कठड्यावर दुसरा पेला होता. आत बोट फिरवलं तर पांढुरकी पूड आली. थेंबभर पाणी घातलं, बोटांत चोळलं. बुळबुळीत. तू पाठवलेल्या डबीतला तांबडा कागद त्यात बुडवला, तो निळा झाला. आई मागे येऊन उभी राहिली.

"काय पाहून राहिलीस?"

"आई, हे तू कशाने घासायचीस?"

"राखेनं. तूच हो म्हणाली होतीस. हौदाचं पाणी त्या भांड्यांना लागायचं नाही, कोरडं घासायचं, हे ठरलं होतं नं आपलं?"

ठरलं होतं. हेच ते, जे मी तुला जुलैमध्ये विचारू नकोस म्हटलं होतं. मैना आली तर भांडी वेगळी, ती हौदाला शिवणार नाही, तिची भांडी हौदाजवळ जाणार नाहीत, आणि प्रत्येक वेळी राखेने शुद्ध होतील. स्वयंपाकघरात पितळेला जे लागतं ते आईने काचेला लावलं. मी म्हटलं, बरं. एवढ्यावर भागत असेल तर सोन्याहून पिवळं. मला वाटलं मी आईला गुंडाळलं.

राखेत क्षार असतो हे मी दरवर्षी शिकवते, उद्धव. त्याच गोठ्यात, त्याच बाकाशी. सोड्याचं बरंच काम ती राख आधीच करून टाकत होती, म्हणून मैनाला थेंब कमी लागत. बाकीच्या मुली हौदावर विसळायच्या म्हणून त्यांच्या पेल्यात काही राहायचं नाही. हिला विसळू दिलंच नाही, आणि वर मी तुला लिहिलं की बघ, हिला धुवावंही लागत नाही.

आईला काही बोलले नाही. तिला वाटतं तिने तिचं काम चोख केलं. ते खरंच चोख होतं.

उद्यापासून मॅट्रिकचे पेपर आहेत. मैना भूगोल घेऊन बसते आहे. आता तिच्या वाटेत जात नाही. संपले की जाईन.

सिंधू


अमरावती, २२ मार्च १९५९

उद्धव,

जाऊन आले. नाल्यापलीकडच्या त्या वस्तीत मी जन्मात गेले नव्हते. तू दोन वर्षं रात्री तिथे शिकवायला जायचास तेव्हा मी तुला कंदील पुसून द्यायचे, तेवढाच माझा त्या वस्तीशी संबंध. घर विचारत गेले. मैनाची आई जाईबाई अंगणात होती. मला पाहून ती इतकी गडबडली की मलाच कसंसं झालं. "बसा बाई, बसा," म्हणाली आणि चहा टाकला. कप आधीच धुतलेले होते. तरी एक कप घेऊन चुलीपाशी बसली, राखेने घासला, मग घागरीतून पाणी घेऊन तीनदा खळखळून विसळला, मला दिसेल असा. "तुमच्यासाठी चांगला घासून दिला बाई." तीनदा विसळला. कोणी न शिकवता तिला ते माहीत होतं, आणि माझ्या घरीही माहीत आहे. आम्हीही आमचा कप विसळतोच.

मी चहा प्यायले. मग मैनाला सगळं सांगितलं. राख, हौद, माझं आणि आईचं ठरलेलं. एकही गोष्ट लपवली नाही, तुझ्यापासून लपवली तशी.

ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मी सांगितलं होतं नं बाई, पेला बुळबुळीत लागते म्हून."

"हो."

"तुमी म्हनलं, हात धू."

"हो, मैना."

"मी धुतले." मग म्हणाली, "घरी येऊन बी धुतले. आठ दिवस धुवत राहिले मी. मले वाटलं माह्याच हाताले काही हाये."

उद्धव, मी तिथे रडले. जाईबाई घाबरली, मैनाने तिला नजरेने थांबवलं. मला उगी राहा असं कोणी म्हटलं नाही, आणि तेच ठीक होतं.

शेवटी मी म्हटलं, पुढच्या वर्षी विज्ञान घेऊन पुन्हा बस, मी सही देईन, रोज येऊन शिकवीन. ती म्हणाली, "कोनाच्या पेल्यात, बाई?" देवमनने तिचं नाव मास्तरणीच्या ट्रेनिंगला आधीच दिलं आहे. जूनपासून जाईल. डॉक्टरकीचा शब्द तिने काढला नाही, मीही काढला नाही. ती वाट माझ्या एका सहीने बंद झाली हे आम्हा दोघींना माहीत होतं.

निघताना ती दारापर्यंत आली. "सरांले तुमी माह्याबद्दल काय लिहिलं होतं?" मी सांगितलं, जसंच्या तसं. तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला. दाखला नाकारला तेव्हा नव्हता बदलला. म्हणाली, "सही आता नको. ते खोडा. सरांच्या घरात माह्या नावानं ते कागद राहू देऊ नका. आन काहून चुकलं ते बी लिहा, नाहीतर त्यांले वाटंल दया केली."

वर्ग मी बंद केलेला नाही. सगळे पेले हौदात एकत्र बुडवले. आता त्यांतले तिचे दोन कुठले ते मलाही ओळखू येत नाहीत. आई हौदाचं पाणी घेत नाही, विहिरीचं वेगळं ओढून आणते, आणि माझ्या हातचं खात नाही. या वयात तिला पोहरा ओढताना पाहवत नाही, पण मी हौद तिला परत दिलेला नाही. आता तरी अंगण सरळ व्हावं. वाकडं अंगणच होतं, उद्धव, नाचणारी नव्हती.

मैनाने सांगितलेलं लिहायला चार दिवस लागले. पहिल्यांदा लिहिलं, "भांडी अस्वच्छ होती." फाडलं. अस्वच्छ नव्हती, नको इतकी घासलेली होती. मग लिहिलं, "नजरचुकीने." तेही फाडलं. मग लिहिलं, "आईच्या अटीमुळे." ते बराच वेळ ठेवलं, कारण ते खोटं नव्हतं. शेवटी तेही फाडलं. अट आईची होती, पण तिला विज्ञान येत नाही. मला येत होतं.

तर आता ४ जानेवारीचं माझं पत्र काढ. "विज्ञानाचा हात तिचा नाही," हे वाक्य शाईने खोड आणि खाली हे चिकटव. आणि आशावहिनींना सोबत घेऊन एकदा अमरावतीला ये. आमच्या घरी नको, नाल्यापलीकडे. हे तू मैनाला वाचून दाखव. मी वाचलेलं तिला पुरणार नाही.

"कु. मैना देवमन हिने माझ्या वर्गात केलेले सर्व प्रयोग बरोबर होते. तिला जे दिसले तेच तिने लिहिले, आणि जे लागले तेच तिने सांगितले. तिच्या पेल्यात राख होती. ती माझ्या संमतीने घातलेली होती."

सिंधू
प्रयोगवर्गाच्या बाई